दोन नंबरचा पुंजा

"मी हाय ना हितं. तुम्ही जा निवांत."

हे पुंजा गावितचं वाक्य. वीज गेली की हेच, ट्रक उशिरा आला की हेच, आणि एखादा बागाईतदार लेकरू दवाखान्यात ठेवल्यासारखा थंड खोलीच्या दाराशी घुटमळत राहिला की त्यालाही हेच. वाक्य साधं, पण तो ते अशा तऱ्हेनं म्हणे की माणूस खरोखर निवांत होऊन घरी जाई. मीही कितीदा गेलो आहे. रस्त्याला लागल्यावर मागं वळून पाहावं तर तो दारात उभा असे, भर दुपारी अंगात लोकरी कोट, कानाला मफलर. वर ओझरच्या कारखान्याची विमानं घिरट्या घालत, खाली माती तापलेली, आणि आमच्या सगळ्या शिवारात हा एकटा माणूस बारमाही हिवाळ्यात राहणारा.

त्याची गोष्ट सांगतो. तिच्यात एक गोंधळ आहे, आणि तो आम्हाला अजूनही पुरता उलगडलेला नाही. जसा झाला तसा सांगतो.

पुंजा सुरगाण्याच्या डोंगरातला. तिकडं पावसावर भात आणि नागली पिकते. पावसाळा सरला की तिकडची माणसं टोळ्या करून आमच्याकडं खाली उतरतात. छाटणी, विरळणी, खुडा, सगळ्याला तीच. आमच्या द्राक्षाच्या घडाघडाला त्यांचा हात लागलेला असतो. हे आम्ही चारचौघांत फारसं बोलत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला पुंजा अशाच एका टोळीतून आला. त्याच वर्षी आमच्या बागाईतदारांच्या संस्थेनं द्राक्षं परदेशी पाठवायला पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज बांधलं होतं. आत काम करायला गावातलं कोणी धजेना. आत गेलं की सांधे धरतात, छाती भरते, अशी बोलवा झालेली. डोंगरातल्या माणसाला थंडीचं काय एवढं, असं म्हणून याला आत लोटला, आणि तो तिथं रुजला.

रुजला म्हणजे अर्धाच रुजला. मृगाच्या आधी तो वर जाई, भात लावी, कापी, आणि दिवाळी झाली की खाली येई. बायको चिमणाबाई वरच. असा अर्ध्या अर्ध्या वर्षाचा संसार दहा-अकरा वर्षं चालला. मग दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर संस्थेनं त्याचं नाव पटावर कायम घेतलं आणि जनरेटरच्या मागची खोली त्याला दिली. तो वर गेला, भाताचं वावर भावाच्या हवाली केलं, आणि चिमणाबाईला घेऊन आला. एक पत्र्याची पेटी, एक पाटा आणि चार कोंबड्या. चिमणाबाईनं आल्या आल्या भिंतीशी वालाचा वेल लावला. वेल लावला म्हणजे बाईनं मुक्काम धरला, असं आमच्याकडं समजतात.

खोलीची अट एकच होती, आणि ती सगळ्यांना पाठ. ज्याचं नाव पटावर, त्याची खोली. नाव गेलं की खोली गेली.

आता संगणकाचं सांगतो. संस्थेत पहिला संगणक सत्त्याण्णव साली आला. त्याला हार घातला, नारळ फोडला. त्याचा पासवर्ड एकच, आणि तोही पडद्याखाली चिकटवलेला, म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली तिथंच खुंटीला. पुढं संगणक वाढत गेले. ऑफिसात, वजनकाट्यावर, गेटवर, कोल्डमध्ये. प्रत्येकाचा पासवर्ड निराळा आणि प्रत्येकाचा रुसवा निराळा. कोल्डमधला ज्याला ओळखी त्याला काट्यावरचा ओळखत नसे. शिवाय कोणीही कुठंही बसे. एकदा कोणीतरी पत्त्यांचा खेळ खेळता खेळता महिनाभराच्या नोंदी पुसल्या. कोणी पुसल्या ते सांगता येईना, कारण बसणारे सगळे एकाच नावानं बसलेले.

म्हणून संस्थेचे सेक्रेटरी मनोजराव यांनी नाशिकहून हर्षल नावाचा इंजिनीअर आणला. तिथल्या द्वारका चौकात त्याचं संगणकाचं दुकान होतं. त्यानं ऑफिसामागच्या कोठीत एक मोठा संगणक ठेवला, कोठीला कुलूप लावलं, आणि बागाईतदारांच्या बैठकीत सांगितलं की आपण आता डोमेन बसवलं आहे.

"म्हंजी काय बसवलं?" गोटीरामनं विचारलं. गोटीराम माझा बांधशेजारी. बैठकीत पहिला प्रश्न त्याचाच असतो.

"काका, समजा हे सगळे संगणक म्हणजे एक गाव. आतापर्यंत घरोघर वेगळं कुलूप होतं. आता आपण वेशीवर एक जाणता माणूस बसवला. तो सगळ्यांना ओळखतो. तुम्ही त्याला एकदा आपलं नाव आणि पासवर्ड सांगायचा. मग कुठल्याही घरी जा. तो तिथं आधीच निरोप धाडतो, याला माजघरात येऊ द्या, याला ओसरीपर्यंतच, याला दारातूनच परत पाठवा."

"आन तो झोपला तर?"

"त्याच्या जोडीला दुसरा ठेवलाय."

"आन त्या दोघांचं पटलं नाय तर?"

हर्षलनं मान खाजवली. "तसं होतं कधी कधी," तो म्हणाला.

"काय नाव म्हणला याचं? दोन मण?"

"डोमेन."

"तेच की. दोन मण."

तेव्हापासून आमच्याकडं त्याला दोन मणच म्हणतात. मनोजरावसुद्धा कधी घाईत तसंच म्हणून जातात.

मग हर्षलनं एकेका नोकरमाणसाचं नाव त्या दोन मणात घातलं. पहिला पासवर्ड म्हणून ज्याची त्याची जन्मतारीख घ्यायची, नंतर ज्यानं त्यानं बदलायची, असं ठरलं. तो विचारत गेला.

"जन्मतारीख?"

"एक जून."

"तुमची?"

"एक जून."

"आणि तुमची? नाही, थांबा, एक जूनच ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

हिशेबाला तृप्ती नावाची नाशिकची मुलगी होती. ती हसून हसून बेजार झाली. तिनं त्याला समजावलं की मास्तरांनी शाळेत नाव घालताना ज्याची तारीख घरच्यांना आठवेना त्याला एक जून देऊन टाकली, आणि तारखा कोणाच्याच घरी आठवत नव्हत्या. हर्षल म्हणाला, "म्हणजे इथं सगळ्यांना सगळ्यांचा पासवर्ड माहीत!" त्यानं तिथल्या तिथं एकेकाला बसवून पासवर्ड बदलायला लावले.

दुसरी अडचण पुंजांची आली. पुंजा गावित आमच्याकडं दोन होते. एक हा कोल्डचा. दुसरा वयानं थोरला, त्याच डोंगरातला, पलीकडच्या पाड्यावरचा, मागच्या गेटवर राखणीला असणारा. दोघांचं नाव एक, आडनाव एक, आणि जन्मतारीख तर विचारायलाच नको. हर्षल म्हणाला, एका नावाचे दोघं संगणकाला चालत नाहीत, एकाच्या पुढं एक लिहू, दुसऱ्याच्या पुढं दोन.

थोरल्या पुंजानं मिशी चाचपली. "वयानं मी मोठा. एक माझा."

"घे की. मला काय, दोन तर दोन," आमचा पुंजा म्हणाला.

असं ठरलं. गेटवरचा थोरला तो पुंजा एक, आणि कोल्डचा आमचा तो पुंजा दोन. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. थोरला पुंजा ज्या मागच्या गेटवर बसे, त्या गेटाला अख्खी संस्था दोन नंबरचं गेट म्हणते.

आमच्या पुंजाला इंग्रजी वाचता येत नसे. पण आपल्या नावाची अक्षरं त्यानं आकारानं ओळखून ठेवली होती. पहिल्या अक्षराची काठी उभी आहे तिथून सुरू करायचं आणि शेवटी बदकासारखा दोन काढायचा. रोज सकाळी तो तसं लिही, पासवर्ड दाबी, आणि खोल्यांचं तापमान भरी. ते भरण्याचा अधिकार त्याला एकट्याला दिलेला. तृप्तीला ते नुसतं दिसे, लिहिता येत नसे. थोरल्याला गाड्यांच्या नोंदीपलीकडं काहीच दिसत नसे. हर्षलच्या भाषेत, ज्याचं काम त्याचाच हात. तापमानाचा तो तक्ता छापून त्यावर सही झाली की कंटेनर बंदराकडं निघे. तक्त्याशिवाय माल परदेशी कोणी घेत नाही.

पुंजाला याचं फार वाटे. वर डोंगरात त्याला सगळे झिपरूचा पुंजा म्हणून ओळखत, म्हणजे बापाच्या नावानं. इथं एक यंत्र त्याला त्याच्याच नावानं ओळखत होतं. तो चिमणाबाईला म्हणे, "मी बोट लावलं का दार उघडतं." चिमणाबाई म्हणे, "मंग जरा आपल्या खोलीच्या दारालापण लावा बोट, कडी सुटलीय त्याची."

फेब्रुवारीत द्राक्षांचा खुडा जोरात आला. त्याच दिवसांत थोरल्या पुंजाचे गुडघे बसले आणि तो गेट सोडून कायमचा वर गावाला गेला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत हर्षल प्रिंटर दुरुस्तीला आलेला होता. मनोजराव बंदरावर जायला निघालेले, एक पाय जीपमध्ये, एक बाहेर.

"हर्षल, अरे तो दोन नंबरचा पुंजा गेला बरं का. त्याचं तेवढं कमी करून टाक."

"करतो साहेब."

जीप गेली. हर्षल कोठीत बसला. त्याच्या पुढ्यात पुंजा एक होता आणि पुंजा दोन होता. त्याला दोन सांगितला होता. त्यानं दोन काढला, चहा घेतला आणि नाशिकला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि गोटीराम माल घेऊन आलो होतो. आमच्या दोघांच्या बागेचा माल एकाच कंटेनरात जायचा होता. आम्ही क्रेट उतरवून ऑफिसच्या पडवीत बसलो. तेवढ्यात पुंजा कोल्डमधून आला.

"तृप्तीताई, जरा येता का? आज त्ये मला वळखत नाय."

"बदक नीट काढलंत ना?"

"काढलं. पासवर्डपण तोच मारला. चांगला चार-पाच येळा मारला."

तृप्ती गेली, पाहून आली, आणि तिनं हर्षलला फोन लावला. आम्हाला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो... नाही... कोणी सांगितलं?... साहेबांनी स्वतः?" मग फोन ठेवून ती पुंजाकडं न बघता म्हणाली, "पुंजाभाऊ, तुमचं नाव कमी झालंय. काल. साहेबांनी सांगितलं म्हणे, हर्षलला स्वतः."

आता हा शब्द बघा. हर्षलच्या तोंडी तो संगणकाचा होता. तृप्तीनं तो जसाच्या तसा पुढं दिला. पण आमच्याकडं नाव कमी होतं ते पटावरून, शाळेतून, रेशनकार्डातून. आमच्याकडं नावाबाहेर माणूस उरत नाही. नाव कमी झालं म्हणजे माणूस कमी झाला.

पुंजा जागेवरच उभा राहिला. "काय चुकलं म्हणाले का?"

"तसं काही नाही म्हणाले. मलाच कळेना. साहेब बंदरावर आहेत, फोन लागत नाहीये. तुम्ही थांबा ना जरा, पुंजाभाऊ, मी—"

"नाय, आसू द्या."

त्याला कारण आधीच सापडलं होतं. मागच्याच बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं की कोल्डला आता आयटीआय झालेला माणूस पाहिजे. पुंजा तेव्हा चहा वाटत होता. त्यानं ते ऐकलं होतं, आम्ही ऐकून विसरलो होतो. त्यानं कोट काढला, घडी करून तृप्तीच्या खुर्चीवर ठेवला, आणि जनरेटरला वळसा घालून खोलीकडं गेला. कोटाशिवाय तो भलताच बारका दिसला. गोटीराम माझ्याकडं बघू लागला, मी गोटीरामकडं. त्याला हाक मारावी हे दोघांच्या मनात आलं, पण काय म्हणून मारावी ते सुचेना.

खोलीतलं बोलणं पडवीत ऐकू येई.

"पेटी काढ."

"कशाला?"

"नाव कमी झालं."

"कुठून?"

"दोन मणातून."

"त्यो काय पट हाय का?"

"सायबानं सांगून कमी केलं. खोली सोडाया लागंल."

मग चिमणाबाईचा आवाज चढला. "रेशनकार्डातलं नाव कमी होतं त्ये एक तर मानूस मेल्यावर, नायतर पोरगी लगीन होऊन गेल्यावर. तुम्ही मेलात का? का लगीन लागलं तुमचं? आं? सांगा मला!"

"मला काय कळतंय त्याच्यातलं! तू पेटी काढ."

"आन वाल? त्याला आत्ता कुठं फुलं आलीत."

थोड्या वेळानं दोघं मागच्या गेटानं बाहेर पडले. त्याच्या खांद्यावर पेटी, तिच्या हातात पाय बांधलेल्या कोंबड्या. गेटावर कोणीच नव्हतं. आम्हाला वाटलं रागानं चार पावलं जातील आणि येतील.

इकडं कंटेनर येऊन दाराला लागला, आणि तक्ता मात्र निघेना. तृप्तीनं आपल्या नावानं करून पाहिलं, संगणक म्हणाला परवानगी नाही. काट्यावरच्या माणसानं करून पाहिलं, परवानगी नाही. खोल्या थंड होत्या, द्राक्षं थंड होती, तापमानाचा काटा जागेवर होता, आणि हे सगळं खरं आहे असं लिहायला परवानगी असलेला माणूस फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होता. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. गोटीराम म्हणाला, "आयला, ह्या दोन मणानं राखण चांगलीच केली म्हणायची."

दुपारी हर्षल मोटारसायकलवर आला. कोठीत गेला आणि लगेच बाहेर आला.

"गेटवरचे पुंजा कुठले? एक का दोन?"

"गेट दोन नंबरचं. पुंजा एक नंबरचा," तृप्ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा हात तोंडावर गेला.

हर्षल तसाच फिरला. मी त्याच्या मागं बसलो. फाट्यावर पुंजा पेटीवर बसलेला होता. चिमणाबाई सावलीला उभी राहून कोंबड्यांना पाणी पाजत होती. एक एस.टी. भरून गेली होती, दुसरी यायची होती.

"पुंजाभाऊ, चला परत. चूक झाली."

"कोनाची?"

"माझी. म्हणजे साहेबांची. म्हणजे दोघांची. त्यांना गेटवरच्यांना काढायचं होतं, आणि निघाले तुम्ही."

"मंग मला कमी केलं का नाय केलं?"

"तुम्हाला नाही हो. तुमच्या नावाला."

"माझं नाव म्हंजी मीच ना? का त्या दोन मणात दुसरा कोन हाय?"

"तसं म्हटलं तर... आहे," हर्षल म्हणाला.

"ऐका!" चिमणाबाई म्हणाली. "बायांना सवत असती असं ऐकलं होतं. माझ्या नवऱ्याला निघाली!"

पुंजा हसला नाही. तो माझ्याकडं वळला. "पाव्हणं, तुम्ही संस्थेचं सभासद. तुम्ही सांगा. नाव हाय का नाय?"

मला काय माहीत होतं? मी म्हणालो, "चल तर खरं. साहेबांना विचारू." त्याला एवढं पुरलं नाही, पण चिमणाबाईनं कोंबड्या उचलल्या आणि ती संस्थेच्या वाटेला लागली. मग त्यानंही पेटी उचलली.

परत आल्यावर हर्षलनं आधी कोठीत जाऊन नवा पुंजा दोन तयार केला. नाव तेच, आकडा तोच. पुंजा कोल्डच्या संगणकापुढं बसला. त्यानं काठीपासून सुरू केलं आणि बदकाशी थांबला. आम्ही सगळे मागं उभे. संगणकानं त्याला आत घेतलं. त्यानं तापमानाचा फोल्डर उघडायला बोट दाबलं.

परवानगी नाही.

"आता काय झालं?"

"हां, ते होणारच," हर्षल म्हणाला. "कसं आहे, संगणक नावाला ओळखत नाही. तो ज्याला त्याला आत घेताना आपल्यापुरता एक लांबलचक आकडा देतो. परवानग्या त्या आकड्याला असतात. जुना पुंजा काढला, त्याचा आकडा गेला. हा आता नवा पुंजा. नाव सारखं आहे, पण त्याच्या लेखी हा दुसराच माणूस."

"मंग मी आज जन्मलो?"

"त्याच्या लेखी, हो."

"पण आज काय एक जून नाय," गोटीराम म्हणाला. ड्रायव्हरसुद्धा हसला.

हर्षलनं कोठीत जाऊन नव्या पुंजाला एकेक अधिकार दिला. परत आल्यावर फोल्डर उघडला. पुंजानं खोल्यांचं तापमान भरलं, तक्ता निघाला, कंटेनर हलला. मी आणि गोटीरामनं आता घरी जायला हवं होतं. पण पुंजा खुर्चीवरून उठेना, म्हणून आम्हीही हललो नाही.

तो जुने तक्ते उघडून बघत होता. डोमेन बसल्यापासून त्यानं भरलेले. आधी प्रत्येकापुढं भरणाराचं नाव येई, ती काठी आणि ते बदक. आता तिथं नुसता आकडा होता. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे आडव्या रेघा, वाचता न येणारा.

"ह्यो कोन?"

"ते तुम्हीच," हर्षल म्हणाला. "जुने. त्याच्याजवळ तुमचं नाव राहिलं नाही, म्हणून तो आकडा दाखवतो."

"माझं नाव लावा की परत."

"नाही लागत."

"मी त्योच हाय हे तुला माहीत हाय. ह्यांना माहीत हाय. त्याला सांग की."

"त्याला सांगायची सोय नाही, पुंजाभाऊ."

पुंजा विचारात पडला. "मंग इतके दिस ही थंडी धरली कोनी?" तो पडद्याला विचारावं तसं म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. बंदरावरून मनोजराव. तृप्तीनं झाला प्रकार सांगितला आणि रिसीव्हर पुंजाकडं दिला. मनोजरावांचा आवाज मोठा, आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"अरे खुळ्या, तुझं नाव कोण कमी करतंय? मी दोन नंबरच्या पुंजाला म्हणालो होतो!"

"साहेब, दोन नंबरचा मीच हाय."

"मग एक नंबर कोण?"

"त्यो गेला."

"कुठून गेला?"

"दोन नंबरच्या गेटावरून."

"थांब, थांब. तू नक्की कोणता बोलतोयस?"

"कोल्डचा."

"हां! मग तुला कोणी काढलेला नाही. पटावर आहेस. समजलं?"

"साहेब, खोली?"

"खोली तुझीच."

"कोनत्या पुंजाची त्ये जरा ताईला सांगा," पुंजा म्हणाला, आणि रिसीव्हर तृप्तीच्या कानाला लावला. तृप्तीनं ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कोल्डच्या पुंजाची."

पुंजानं मान हलवली. तरी तो मोकळा झालेला दिसेना. तो हर्षलला म्हणाला, "मला एक नको आन दोनपन नको. नाव बदलता येतं का त्याच्यात?"

"येतं. कितीही वेळा."

"मंग परत नवा जन्म?"

"नाही, नाही. नुसतं नाव बदललं तर आकडा तोच राहतो. परवानग्या तशाच. माणूस तोच."

पुंजानं ते मनात उलटंपालटं करून पाहिलं. "म्हंजी नाव बदललं तर मी त्योच. आन नाव काढून तेच परत दिलं तर मी दुसरा?"

"बरोबर."

"हे कसलं बरोबर?"

"माझ्या बापाच्या घरी मी सोनी होते," दारातून चिमणाबाई म्हणाली. "तुमच्या आईनं लग्नात चिमणा केलं. मी काय दुसरी झाले? सोनीला कोनी कमी नव्हतं केलं, म्हणून बरं."

मग हर्षलनं बसून पुंजा दोनचं पुंजा कोल्ड केलं. त्या दिवसानंतर तो आमच्याकडं कोणाचंच नाव काढत नाही. माणूस सोडून गेला तर नुसतं बंद करून ठेवतो, कधी काळी तोच परत आला तर उघडता यावं म्हणून. त्याचं म्हणणं, हा नियम पुस्तकात आधीपासून होता, त्यालाच त्याचं महत्त्व वाटलं नव्हतं. थोरला पुंजासुद्धा त्यात अजून बंद होऊन बसलेला आहे, एक नंबरवर. डोंगरात त्याला याची खबर नाही.

ऊन कलायला लागलं होतं. पुंजानं नवं नाव दोनदा लिहून पाहिलं. बदक गेलं होतं, त्या जागी पुष्कळच अक्षरं आली होती. तृप्तीनं ती एकेक करून दाखवली. तिसऱ्यांदा त्याला जमलं. त्यानं तृप्तीच्या खुर्चीवरचा कोट उचलला, झटकला, पण अंगात घातला नाही, नुसता हातावर घेतला. दुसऱ्या हातानं पेटी उचलून खांद्यावर ठेवली.

"कळलं ना पुंजाभाऊ आता?" हर्षलनं विचारलं.

"नाय," पुंजा म्हणाला. "तुला कळलं का?"

चिमणाबाई पुढं निघाली, तो मागून. जनरेटरपाशी तिनं कोंबड्यांचे पाय सोडले. खोलीच्या दारात तिनं त्याच्या खांद्यावरची पेटी उतरवून घेतली. तो आत गेला नाही. तसाच भिंतीच्या कडेनं कोल्डच्या दाराकडं चालू लागला, सावकाश, मधेच थांबून, आपलीच पावलं ऐकल्यासारखा. तृप्ती खिडकीत उभी होती. हर्षल मोटारसायकलवर बसून किक मारायचा राहिला होता. मी आणि गोटीराम रिकाम्या क्रेटांवर बसलो होतो. दार उघडलं, थंडीचा थोडा पांढरा धूर अंगणात आला, तो आत गेला, आणि दार लागेपर्यंत आम्ही सगळे तिकडंच बघत होतो.